नेपाळात रॉक बँड उभा करायचा आणि टिकवायचा तर

नेपाळातला गावपातळीवरचा रॉक बँड वाईट वाजवतो म्हणून क्वचितच मोडतो. तो मोडतो बेसवाला ऑस्ट्रेलियाला शिकायला गेला म्हणून, किंवा ड्रमरला जपानमध्ये काम मिळालं म्हणून. त्यामुळे बँड पहिल्या दिवसापासून असा बांधायचा की माणूस गेला तरी गाणं, नाव आणि हिशेब मागे राहील. हे जमू शकतं. नेपथ्य या बँडमध्ये गायक अमृत गुरुङ कायम राहिले आणि भोवतीचे वादक बदलत गेले. १९९४ मध्ये काठमांडूत सुरू झालेल्या '१९७४ एडी' या बँडचेही गायक-वादक बदलले, काही जण वर्षांनंतर परतले, पण दोन्ही नावं टिकली.

पुढचं सगळं काठमांडू, पोखरा, धरान, बुटवल अशा कुठल्याही शहरात नव्याने सुरू होणाऱ्या बँडसाठी आहे. रकमा नेपाळी रुपयांत आहेत. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी.

माणसं

आधी ड्रमर शोधा. गिटार वाजवणारे प्रत्येक गल्लीत असतात. घरात ड्रम सेट ठेवू शकणारा आणि ठेका न सोडणारा माणूस मात्र दुर्मीळ असतो. त्याच्यानंतर बेस, मग गायक आणि सगळ्यात शेवटी दोन गिटार.

चाचणीसाठी तीन गाणी पुरेत: एक सरळ चार मात्रांचं रॉक, एक सहा मात्रांचं आणि एक संथ. संथ गाणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हात कच्चा असेल तर तिथेच कळतं. चार तालमींनंतर निर्णय घ्या, त्याआधी नाही.

प्रत्येकाला दोन प्रश्न थेट विचारा. पुढच्या दोन वर्षांत परदेशी जायचा बेत आहे का? आणि आठवड्यात नक्की कोणत्या वेळी मोकळा असतोस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं म्हणून माणूस नाकारू नका, तसं केलं तर कुणीच उरणार नाही. फक्त त्याच्या वाट्याचं वादन दुसऱ्या कुणाला तरी येईल, याची सोय लगेच सुरू करा. ऱ्हिदम गिटारवाल्याने बेसच्या ओळी शिकून ठेवायच्या आणि निदान एक तृतीयांश गाणी दुसऱ्या आवाजात तयार ठेवायची. वेळेचं म्हणाल, तर बऱ्याच कॉलेजांचे वर्ग पहाटे सहाच्या सुमाराला भरतात, नोकरदार दहा ते पाच अडकलेले असतात आणि आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. शनिवारी सलग तीन तास आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी दोन तास, ही जोडी बहुतेकांना जमते. रोज भेटायचा उत्साह महिनाभर टिकतो आणि मग कुणीच येत नाही.

वाद्यं प्रत्येकाने आपापली घ्यावीत. सामाईक पैशातून फक्त माइक, केबली, स्टँड आणि डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी पेटी) घ्यायचे आणि त्यांची यादी लिहून ठेवायची. सामाईक पैशातून घेतलेली गिटार बँड सोडताना कुणाची, हे भांडण कधीच नीट सुटत नाही.

जॅम रूम आणि वीज

पहिले सहा महिने तालमीसाठी तासावर मिळणारी जॅम रूम घ्या. स्वतःच्या खोलीचं भाडं सुरुवातीलाच गळ्यात पडलं की ते भरण्यासाठी नको ते कार्यक्रम घ्यावे लागतात. जाताना स्नेअर (काठीने वाजवायचा लहान, कडक आवाजाचा ड्रम), झांजा, किक पेडल (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) आणि गाण्याचे माइक आपले न्या, कारण भाड्याच्या खोलीत नेमक्या याच गोष्टी खराब असतात.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत आवाजाची पातळी ड्रम ठरवतो. बाकी सगळे त्याला जुळवून घेतात. अँप जमिनीवर ठेवून गुडघ्यांकडे वळवला तर वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज चढवतो आणि मग गायक ओरडू लागतो. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करून कानाच्या दिशेने वळवा. गायकाचा स्पीकर माइकच्या पाठीमागच्या बाजूला हवा, समोर नको. शिट्टी येणं निम्म्याने तिथेच थांबतं. कानात इअरप्लग घाला. बंद खोलीतला ड्रम १०० डेसिबलच्या वर सहज जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

घरातच खोली करत असाल तर भिंतीला गाद्या लावून शेजारी शांत होतील अशी आशा धरू नका. गादी फक्त तीक्ष्ण आवाज शोषते. किक आणि बेस विटा-सिमेंटमधून खालच्या मजल्यावर जातातच. ड्रम जाड फोम आणि वर प्लायवूड अशा उचललेल्या फळीवर ठेवा, दाराच्या फटी रबरी पट्टीने बुजवा आणि रात्री आठनंतर काठ्या खाली ठेवा.

काठमांडूतलं रोजचं लोडशेडिंग २०१६ च्या अखेरीस संपलं, पण जुन्या घरांतलं अर्थिंग अजून भरवशाचं नाही. प्रत्येक बँडकडे एक साधा मल्टिमीटर हवा. खोलीत किंवा रंगमंचावर पोचल्यावर तीन मापं घ्या. फेज आणि न्यूट्रल यांत २२० ते २४० व्होल्ट असावेत. न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग बिघडलेलं समजा. तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं: गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजा. ते जवळपास शून्य हवं. तिथे ५०-६० व्होल्ट दिसले तर गायकाचा ओठ माइकला लागताच झटका बसेल आणि हात तारांवर असेल तर तो जीवघेणाही ठरू शकतो. उपाय असा, की अँप, मिक्सर आणि स्पीकर या सगळ्यांना वीज एकाच जागेवरून, अर्थ असलेल्या एकाच बोर्डातून द्यायची. गुणगुण बंद व्हावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय आहे. कुणी करताना दिसला तर थांबवा. गुणगुण डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टने घालवता येते.

मैदानावर जनरेटर असतो. लाइटवाले आणि साउंडवाले एकाच जनरेटरवर असतील तर दिवे लागताच व्होल्टेज खाली येतं, की-बोर्ड आणि डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू होतात. या दोन वस्तूंना छोटा यूपीएस लावा.

ठेका, पट्टी आणि शब्द

बँड कुठलाही का असेना, सुरुवात दुसऱ्यांच्या गाण्यांनी होते आणि त्यात काही गैर नाही. पण नेपाळी श्रोता बँडला ओळखतो तो स्वतःच्या गाण्यावर आणि त्या गाण्यातल्या ठेक्यावर.

झ्याउरे हा नेपाळी लोकगीतांचा ठेका सहा मात्रांचा आहे. दादरा ऐकलेल्या कानाला तो लगेच सापडतो, मात्र त्याचा डोल वेगळा आहे. ड्रमरची नेहमीची चूक म्हणजे या सहा मात्रांवर चार मात्रांचा रॉक बसवायचा प्रयत्न. मग मादल (दोन तोंडांचा नेपाळी हातढोल) एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे चालतो. बसवायची पद्धत सांगतो. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, फक्त पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा. किक पहिलीवर, स्नेअर चौथीवर, हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सहाही मात्रांवर. हे दहा मिनिटं न बदलता वाजवा. मग हायहॅटच्या मधल्या मात्रा काढून टाका आणि त्या जागा मादलला द्या. बेसने पहिली आणि चौथी पक्की धरायची, पाचवी-सहावी शक्यतो मोकळी सोडायची. मादलवाला तिथेच बोलतो आणि बेस तिथे शिरला की सगळं गढूळ होतं. गिटारवर विकृत आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन, नेहमीच्या निम्म्यावर आणा. सहा मात्रांत हाताचे फटके जवळजवळ पडतात आणि जास्त डिस्टॉर्शनमध्ये ते एकमेकांत मिसळतात.

मादलला दोन माइक लागतात, दोन्ही तोंडांना एकेक. एका माइकवर भागवलं तर एकच बाजू ऐकू येते. मोठ्या तोंडाच्या चॅनेलवर ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापा, नाहीतर तो आणि किक एकमेकांना खातात. पावसाळ्यात कातडं सैल पडून सूर उतरतो, म्हणून असार ते भदौ (आपले आषाढ ते भाद्रपद) या महिन्यांत दोन मादल बरोबर ठेवा.

बासरीची अडचण वेगळीच. गायकाला सोपं जावं म्हणून बरेच रॉक बँड गिटारी अर्ध्या सुराने उतरवून ठेवतात आणि बासरीवाला नेहमीच्या पट्टीची बासरी घेऊन येतो. बासरी तारेसारखी पिळून जुळवता येत नाही. तेव्हा गाण्याची पट्टी आधी ठरवा आणि त्या पट्टीची बासरी मागवा. पुस-माघच्या थंडीत उघड्या मैदानावर बासरी उतरते. वाजवण्याआधी दोन-तीन मिनिटं फुंकर घालून ती गरम करा आणि मगच सूर जुळवा. सारंगीचा आवाज नाजूक असतो. माइक १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा आणि वादकाला ड्रमपासून जितकं लांब बसवता येईल तितकं बसवा. की-बोर्डमधल्या सारंगीच्या आवाजावर भागवू नका. पिढ्यान्‌पिढ्या सारंगी वाजवणाऱ्या गन्धर्व समाजातले उत्तम वादक आहेत. त्यांना बोलवा आणि बँडमधल्या माणसाइतकाच वाटा द्या.

पट्टी ठरवताना गायकाचा सगळ्यात वरचा सूर शोधा आणि ध्रुवपदातला वरचा सूर त्याच्या एक पूर्ण स्वर खाली येईल असं बघा. जॅम रूममध्ये पोचणारा सूर रात्री अकराला, दोन तास गाऊन झाल्यावर पोचत नाही.

शब्दांबद्दल दोनच गोष्टी. नेपाळी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'छ', 'छु', 'छौ' या 'असणे'च्या रूपांची यमकं हात न लावता जुळतात आणि दहा गाणी एकाच साच्यातली वाटू लागतात. काही ओळी नामावर तोडून पाहा. आणि 'तिमी'ने (बरोबरीच्या माणसाला म्हणायचं 'तू') सुरू झालेलं गाणं मध्येच 'तँ'वर (त्याहून खालचं, एकेरी 'तू') घसरू देऊ नका. चालीत बसलं म्हणून केलेला हा बदल श्रोत्याच्या कानाला लगेच टोचतो.

लोकगीत रॉकमध्ये घेणं ही नेपाळी बँडांची जुनी आणि सुंदर रीत आहे. पण लोकगीत समजल्या जाणाऱ्या अनेक गाण्यांना ठाऊक असलेला रचनाकार किंवा संकलक असतो. घेण्याआधी चौकशी करा, परवानगी लागत असेल तर लेखी घ्या आणि श्रेय द्या.

प्रत्येक तयार गाण्याचं एक पान करा: पट्टी, लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), कडव्यांचा क्रम आणि प्रत्येकाच्या मात्रा, कॉर्ड, शब्द. शिवाय प्रत्येक वाद्य एकेकटं वाजवून फोनवर ध्वनिमुद्रण. हे सगळं अशा ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवा, ज्याचा पासवर्ड दोघांकडे आहे. कंटाळवाणं काम आहे, पण बँड वाचतो तो याच्यामुळेच.

पहिले कार्यक्रम

ठमेल, ललितपूरचं झम्सिखेल, पोखराचं लेकसाइड इथल्या बारमध्ये साधारण ४५ मिनिटांचे तीन सेट वाजवावे लागतात. म्हणजे तीसेक गाणी. त्यात इंग्रजी रॉक, नेपाळी आणि थोडं हिंदी हवंच. प्रत्येक सेटमध्ये तिसऱ्या जागी स्वतःचं एक गाणं ठेवा. पहिल्या दोन गाण्यांनी लोक वळलेले असतात आणि अजून कंटाळलेले नसतात. आठवड्याला दोनपेक्षा जास्त रात्री बारमध्ये देऊ नका. पैसे रोख मिळतात म्हणून पाच रात्री वाजवणाऱ्या बँडकडे नवं गाणं करायला ना वेळ उरतो ना गळा.

शनिवारी सुट्टी असल्यामुळे शुक्रवारची रात्र सगळ्यात मोलाची. दसैंमध्ये (नेपाळचा दसरा) काठमांडू रिकामं होतं, तेव्हा राजधानीत स्वतःचा कार्यक्रम ठेवू नका. तिहार (दिवाळी) संपल्यावर मंसिरपासून फागुनपर्यंत (मार्गशीर्ष ते फाल्गुन) कॉलेजं आणि ठिकठिकाणचे महोत्सव बँड शोधत असतात. डिसेंबरच्या अखेरीस पोखराच्या लेकसाइडला स्ट्रीट फेस्टिव्हल भरतो, त्यासाठी बोलणी दोन-तीन महिने आधी सुरू करा. पावसाळा लिहिण्यासाठी आणि रेकॉर्डिंगसाठी राखा.

उघड्यावर स्वतःचा कार्यक्रम करत असाल तर वडा कार्यालय (म्हणजे वॉर्ड ऑफिस), जिल्हा प्रशासन कार्यालय आणि स्थानिक पोलीस यांच्याकडे वेळेत अर्ज द्या आणि परवानगीच्या प्रती रंगमंचाजवळ ठेवा. पोलीस विचारतात तेव्हा आयोजक नेमका जेवायला गेलेला असतो.

साउंडवाल्याला आदल्या दिवशीच चॅनेलची यादी आणि कोण कुठे उभा राहतो याचं चित्र पाठवा. किक, स्नेअर, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, बेस, दोन गिटार, मादलचे दोन, बासरी, तीन आवाज. झाले पंधरा. महोत्सवात सलग साउंडचेक मिळत नाही, दहा मिनिटं मिळतात. तेव्हा सगळं गाणं वाजवत बसू नका. एकेक चॅनेल येतो का बघा, मग सगळ्यात मोठ्या आवाजाच्या गाण्याचं फक्त ध्रुवपद वाजवा.

निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले रंगमंचावर चढण्याआधी, हे बोलणं मेसेजवर लेखी असू द्या. समजा ४०,००० रुपये मिळाले आणि गाडी-जेवणाचे ८,००० गेले. उरलेल्या ३२,००० मधून २० टक्के, म्हणजे ६,४००, बँडच्या खात्यात आधी टाका. राहिलेले २५,६०० समान वाटा. बाजूला टाकायची रक्कम वाटणीनंतर गोळा करू म्हटलं तर ती कधीच गोळा होत नाही. कंपन्या आणि कॉलेजं मोबदला देताना पॅन मागतात आणि कर कापून घेऊ शकतात, म्हणून निदान एका सदस्याचा पॅन आणि बँक खातं यासाठी ठरवून ठेवा.

रेकॉर्डिंग आणि प्रसिद्धी

स्टुडिओचा वेळ महाग असतो, तो ड्रमसाठी खर्च करा. तीन गाण्यांचे ड्रम अर्ध्या दिवसात होतात, पण मेट्रोनोमवर आधी पक्की तयारी असेल तरच. बेस आणि गिटार ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) लावून घरी घ्या, गिटारचा कोरडा, म्हणजे अँपविना, आवाजही वेगळा साठवा म्हणजे नंतर अँपचा रंग बदलता येतो. गायन पुन्हा स्टुडिओत. सगळं ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर मुद्रित करा. मिक्स झाल्यावर अंतिम फाइलीबरोबर प्रत्येक वाद्याची सुटी फाइल मागून घ्या आणि दोन वेगळ्या घरांतल्या दोन ड्राइव्हवर ठेवा. ड्रमर परदेशी असताना या फाइलींवरूनच नवा ड्रमर शिकतो.

स्पॉटिफाय नेपाळात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. यूट्यूब अजूनही सगळ्यात मोठं व्यासपीठ आहे. या व्यासपीठांवर गाणी पोचवणारा वितरक निवडताना तो पैसे कसे देतो ते आधी पाहा. नेपाळातल्या खात्यात पेपालने पैसे घेता येत नाहीत, थेट बँकेत पाठवणारा वितरक हवा. त्याची वार्षिक फी भरायला बँकेचं प्रीपेड डॉलर कार्ड चालतं. आणि श्रोत्यांचे फोन नंबर व ईमेल यांची स्वतःची यादी ठेवा. नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ टिकटॉक बंद होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर फेसबुक-यूट्यूबसह २६ माध्यमं काही दिवस अडवली गेली. ज्या बँडांचा सगळा संपर्क एकाच ॲपमध्ये होता, त्यांना कार्यक्रमाची तारीखही कळवता आली नसती.

कागदपत्रं

नेपाळच्या प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार, तो विक्रम संवत २०५९ सालचा म्हणजे इसवी सन २००२ चा, हक्क मिळण्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही. पण वाद झाला तर पुरावा लागतो, म्हणून महत्त्वाच्या गाण्यांची नोंदणी काठमांडूच्या प्रतिलिपी अधिकार रजिस्ट्रार कार्यालयात करून ठेवा. गीतकार-संगीतकारांनी 'संगीत रोयल्टी संकलन समाज' या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं.

त्याहून महत्त्वाचा आहे बँडमधला एक पानाचा करार. शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्केवारी किती, हे प्रत्येक गाण्याला त्याच आठवड्यात लिहून सह्या करायच्या. गाणं गाजल्यावर सगळ्यांना आठवतं की ती ओळ आपणच सुचवली होती. दुसरं कलम नावाचं: बँड सोडणारा माणूस नाव घेऊन जाणार नाही, पण त्याच्या वाट्याचं मानधन त्याला मिळत राहील. नाव थोडं चालू लागलं की उद्योग विभागात ट्रेडमार्कसाठी अर्ज करा. नोंदणी सात वर्षांची असते आणि नूतनीकरण होतं.

गावाबाहेर

काठमांडू-पोखरा अंतर २०० किलोमीटर आहे, पण दिवस गेला असंच धरा. पावसाळ्यात मुग्लिनच्या आसपास दरड कोसळली की रात्र रस्त्यावरच जाते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचा. झांजा, स्नेअर, पेडल आणि गिटारी गाडीच्या आत, टपावर काही नाही. दौरा एकाच दिशेने आखा, उदाहरणार्थ नारायणगढ, बुटवल, पोखरा. पूर्वेला धरान रॉकचं जुनं घर आहे आणि तिथले श्रोते जाणकार आहेत, तिथे फक्त इतरांची गाणी घेऊन जाऊ नका. पुढे दार्जिलिंग, कालिम्पोङ, गान्तोक इथे नेपाळी गाणी समजणारा मोठा वर्ग आहे. परदेशातले कार्यक्रम बहुतेक नेपाळी समाजाच्या संस्था ठेवतात. तिकिटं, व्हिसा, राहणं आणि परतीची तारीख करारात आल्याशिवाय हो म्हणू नका.

कुणी जातो म्हणतो तेव्हा

बातमी व्हिसा हातात आल्यावर नव्हे, कागद सुरू झाल्यावर कळवायची, हा नियम करा. निदान दोन महिने मिळतात. पहिल्या महिन्यात जाणाऱ्याच्या हातांचा व्हिडिओ करा, प्रत्येक गाण्याचा वेगळा, दोन्ही हात दिसतील असा. रेकॉर्ड न झालेल्या गाण्यांतलं त्याचं वादन मेट्रोनोमवर घेऊन टाका. दुसऱ्या महिन्यात नवा माणूस तालमीला येऊन बसतो आणि जाणारा त्याच्या शेजारी उभा राहून शिकवतो. शेवटच्या दोन कार्यक्रमांत नव्या वादकाने तीन-चार गाणी वाजवायची, बाकीची जुन्याने. पासवर्ड, बँक खात्यावरची सही आणि सामाईक वस्तूंची यादी जाण्याच्या आठवडाभर आधी हस्तांतरित करा, विमानतळावर नाही.

गेलेला माणूस तिथून वाजवू शकतो. त्याला मेट्रोनोमची फाइल आणि तात्पुरतं मिक्स पाठवा. त्याने आपलं वादन गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू होणारी एकसंध डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून परत पाठवायचं, मधल्या शांततेसकट. सुटे तुकडे आले तर ते कुठे बसवायचे यात दोन दिवस जातात. पट्टी, लय आणि गिटार किती सुराने उतरवली आहे, हे फाइलीच्या नावातच लिहा.